सात दात मागे

हुरड्याचे दिवस आले की माझं डोकं फिरतं. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पौष सरता सरता कुणातरी जुन्या विद्यार्थ्याचा बाप गावाकडून कणसांची पेंढी घेऊन येतो, अंगणात गोवऱ्या पेटतात, निखाऱ्यावर कोवळी कणसं तडतडायला लागतात, आणि मी काहीतरी निमित्त काढून ओरडायला सुरुवात करतो. चटणी खारट झाली, गूळ मऊ आहे, धूर डोळ्यांत जातोय. परवा हिनं हुरड्याची गरम वाटी माझ्यापुढे ठेवली आणि आत गेली. इतर बायका नवऱ्याला म्हणतील, खा हो, गार झाला की चिवट होतो. ही नाही म्हणत. आमच्या घरात हे वाक्य दहा वर्षांत कुणी उच्चारलेलं नाही. वाटी गार झाली, मी ती गाईला घातली.

दहा वर्षांपूर्वीचा तो माघ फार स्वच्छ होता. अजून रस्त्यावर विजेचे दिवे आले नव्हते. सोलापूरची हवा मुळातच कोरडी, त्यात थंडी पडली की आकाश इतकं लख्ख व्हायचं की गच्चीवर उभं राहून मान वर केली तर भोवळ यावी. दिवेलागणीला गावावर चुलींचा आणि गिरणीच्या धुराड्याचा धूर पसरायचा, तासाभरात वारा तो एका बाजूला ढकलायचा, आणि बरोबर डोक्यावर मृग नक्षत्र येऊन उभं राहायचं. चार कोपऱ्यांचे चार तारे, मधे व्याधाचा बाण, आणि बाणाच्या खाली बारीक तिघे. त्या तिघांतला मधला तारा नीट पाहिला तर धूसर दिसतो, काचेवर कुणी फुंकर मारावी तसा. तो तारा नव्हे, तेजाचा ढग आहे, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि शाळेत पोरांना सांगत होतो. त्या ढगाचा फोटो काढायचा हे वेड मला त्या हिवाळ्यात लागलं. वेड लागलं ते लागलं, वर मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर बढाई मारून बसलो की स्नेहसंमेलनात तो फोटो पडद्यावर दाखवीन.

माझी दुर्बीण होती एका बदली होऊन चाललेल्या रेल्वेच्या साहेबाच्या लिलावातली. नळी पितळेची, भिंगं बरी, पण खालचा तिवई-घोडा अगदी भिकार. स्वस्तात मिळाली ती त्या घोड्यामुळेच. जरा श्वास जोरात सोडला तरी डुगडुगायचा. शिवाय तो फक्त वरखाली आणि आडवा फिरायचा. तारे असे फिरत नाहीत. ते ध्रुवाभोवती तिरके फिरतात. डोळ्यानं बघताना दुर्बीण जरा ढकलली की भागतं, फोटोत भागत नाही. तासभर फोटोची काच उघडी ठेवायची तर तासभर दुर्बिणीनं ताऱ्याच्या मागे तिरकंच जायला हवं, तेही एका संथ चालीनं. नाहीतर प्रत्येक ताऱ्याची अळी होते.

मी त्या घोड्याचं मुंडकंच कापलं. सुताराकडून बाभळीचा पाचरीसारखा ठोकळा घडवून घेतला आणि त्यावर सायकलच्या पुढच्या चाकाचा आस छर्‍यांसकट तिरका बसवला. आमच्या गावात ध्रुव फार खाली, जेमतेम साडेसतरा अंशांवर. लिंबाच्या शेंड्यात आणि धुरात बुडालेला. त्याच्याकडे रोख धरायला मला आठ दिवस लागले. एका बाजूला दुर्बीण आणि तिच्या पाठीवर फोटोवाल्याकडून मागून आणलेला कॅमेरा, दुसऱ्या बाजूला तोल सांभाळायला वाण्याची जुनी पाचशेरी. आसाला वीतभर लांब हात जोडला, आणि त्या हाताला ढकलायला पुस्तकबांधणीवाल्याच्या मोडक्या दाबाचा आटे असलेला दांडा. दांडा फिरवला की हात हळूहळू सरकायचा आणि दुर्बीण ताऱ्यामागे जायची. सगळं जमलं. फक्त दांडा थोडा थोडा, मोजून फिरवायला काही नव्हतं. माझ्या हातानं फिरवला की कधी जास्त, कधी कमी.

म्हणून मी पूर्व भागात गेलो. तिकडे तेलुगू विणकरांची घरं. गल्लीत शिरलं की खळीचा आंबूस वास, रस्त्यावर ताणलेला ताणा, आणि दारादारातून ठक ठक, ठक ठक. कापड गुंडाळायला मागावर काही दातेरी चाक असतं, एवढं मला माहीत होतं. मी पहिल्याच दारात वाकून विचारलं. आत जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून एक माणूस विणत होता, त्याची बायको शेजारी बसून कांड्या भरत होती. माणसाचं नाव नरसय्या, बायकोचं राजव्वा. मी काय हवं ते सांगितलं. त्यानं हात न थांबवता ऐकून घेतलं आणि म्हणाला, उद्या घेऊन येतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो फडक्यात गुंडाळून एक चाक घेऊन आला. लाकडी, लोखंडी पट्टी मारलेलं, साठ दातांचं, वर अडकवायला खिटी. एक दात पुढे गेला की खिटी टक् वाजायची आणि चाक मागे यायचं नाही. दांड्याच्या टोकाला ते असं बसलं की त्याचाच जोडीदार असावा. चाक कुठून आणलंस, हे मी विचारलं नाही. मला हवं ते मिळालं होतं.

जिना चढताना तो प्रत्येक पायरीवर थांबत होता. उजवा पाय गुडघ्यापासून सुजलेला. खड्ड्यातल्या ओलीनं विणकरांचे पाय असे होतात. वैद्यानं त्याला सांगितलं होतं की खड्डा सोड, नाहीतर पाय सोडावा लागेल. आमच्या शाळेत तेव्हा विणकामाचा वर्ग निघणार होता. तिथले माग उभे, बाकावर बसून चालवायचे, आणि माग चालवून दाखवायला एक माणूस हवा होता. मुख्याध्यापक विज्ञानाच्या बाबतीत माझ्याच शब्दावर चालत, आणि माग म्हणजे त्यांच्या लेखी विज्ञान. नरसय्याला ही बातमी कुठून कळली देव जाणे. पण तो त्यासाठीच आला होता, चाकासाठी नव्हे. गच्चीवर टेकून बसल्यावर त्यानं हात जोडून एकच गोष्ट मागितली: मुख्याध्यापकांना माझ्या नावाची चिठ्ठी द्या.

त्या क्षणी मी ती चिठ्ठी लिहू शकत होतो. खिशात पेन्सिल होती. पण मला तासभर ते चाक फिरवणारा माणूस हवा होता, आणि चिठ्ठी दिली तर तो उद्या येईलच याची खात्री काय? मी म्हटलं, आधी फोटो, मग चिठ्ठी. गाजर दाखवून गाढव चालवतात तसं मी त्याला महिनाभर चालवलं. रोज दिवसभर खड्ड्यात विणून तो संध्याकाळी लंगडत अर्धं गाव ओलांडून माझ्या गच्चीवर यायचा.

आणि काय हात होता त्या माणसाचा! दुर्बिणीच्या डोळ्यात मला दोन केसांएवढ्या उभ्याआडव्या रेषा हव्या होत्या, तारा त्यांच्या फुलीवर धरायला. मी पितळेची बारीक तार, माझ्या मुलीचे केस, सगळं करून थकलो. त्यानं कच्च्या रेशमाचा एक तंतू दातांत धरून चिरला आणि थुंकी लावून चिकटवला. मग एक डोळा दुर्बिणीला, एक हात चाकावर. दर दहा ठोक्यांना एक दात. ठोके कसले, तर त्याच्या मागाचे. धोटा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. माग पूर्व भागात आणि हा माझ्या गच्चीवर, तरी त्याच्या अंगात तो चालू असायचा. खांदे किंचित हलायचे, ओठ मिटलेले. मी खिशातलं घड्याळ काढून पडताळा घेतला. अर्ध्या तासात एक दात इकडे तिकडे नाही. मी आनंदानं उडी मारायला हवी होती. मला मत्सर वाटला. मी बी.एस्सी. होतो, आणि माझ्या हातून दहा मिनिटं हे जमत नव्हतं.

म्हणून मी त्याला शिकवू लागलो. ज्याला काही शिकवायची गरज नाही त्याला शिकवण्यात मास्तर लोकांचा हातखंडा असतो. पाय हलवायचा नाही, तिवई डुगडुगते. खोकायचं नाही. बोलायचं नाही. आणि दोन गोष्टी मी पुन्हा पुन्हा बजावल्या. पहिली: "हे नक्षत्र आहे वगैरे विसरून जा. हा तुझा माग आहे असं समज. मागावर जे करशील तेच इथं कर." दुसरी: "चाक कधीही घाईनं फिरवायचं नाही. घाईनं एक दात जरी टाकलास तर काच गेली, आणि चिठ्ठीही गेली." तो दोन्हीला व्हय म्हणाला. तो ज्याला व्हय म्हणायचा ते करायचा, ही त्याची खोड होती.

हल्ली मी त्या दांड्याला ग्रामोफोनचं यंत्र जोडलं आहे. चावी दिली की आपोआप फिरतं. मुंबईहून मागवलेलं, दिसायला झकास. पण चावी उतरत आली की चाल मंदावते, तेल थिजलं की अडखळते, आणि ताऱ्यांना शेपट्या फुटतात. आठ-दहा हिवाळे मी त्याच्याशी झटतो आहे. कधी पट्टा बदलतो, कधी वंगण. मृग पश्चिमेला झुकेपर्यंत गच्चीवर बसतो आणि सकाळी लाल कंदिलाच्या उजेडात काच धुतली की तेच: अळ्या.

फोटोचा दिवस ठरला त्या संध्याकाळी करकंबकडचा एक पालक हुरड्याची पेंढी घेऊन आला. त्याच्या पोराचे गणिताचे मार्क वाढवायचे होते, हे उघड होतं. खाली अंगणात त्यानं स्वतःच शेकोटी लावली. वर मी काच चढवली, कॅमेऱ्याचं झाकण काढलं, आणि नरसय्यानं चाक धरलं. टक्. दहा ठोके. टक्. पंधरा-वीस मिनिटं मी घड्याळ हातात घेऊन शेजारी बसलो. मग खालून वास आला. भाजलेल्या ज्वारीचा तो वास ज्याला माहीत आहे त्याला मी काही सांगायला नको. हिनं जिन्यातून हाक मारली, या हो, गार झाला की चिवट होतो. मी उठलो.

खाली पाहुणा तळहातांवर कणसं चोळून दाणे फुंकत होता, शेंगदाण्याची चटणी होती, गूळ होता, दही होतं. आम्ही पोराच्या गणितावर बोललो. ही म्हणाली, वर तो माणूस इतका वेळ मान मोडून बसलाय, वाटीभर नेऊन देते. मी म्हटलं, नको, हात चिकट होतील, चाकाला राख लागेल. ती म्हणाली, मी भरवीन हवं तर. पाहुणा हसला. मला राग आला, आणि मी पाहुण्यासमोर तिला म्हणालो की विणकराला भरवायची तुला एवढी हौस असेल तर त्याच्याच घरी जाऊन राहा. ती वाटी घेऊन तशीच उभी राहिली. मी आणखी एक कणीस घेतलं.

वर गेलो तेव्हा तास भरत आला होता. नरसय्या होता तसाच. पाय दगडासारखा पुढे पसरलेला, डोळा दुर्बिणीला चिकटलेला, आणि थंडीतही कपाळावर घाम. मी झाकण लावलं. तेव्हा त्यानं डोळा काढला आणि हळूच सांगितलं, "मास्तर, मधी गिरणीचा धूर आला. नक्षत्र दिसंना. मी चाक थांबवलं, खिटी उचलून सात दात मागं घेतलं, मग नक्षत्र आलं तसं पुन्हा लावलं. मागावर करतो तसंच केलं."

तोंडात हुरडा होता. मी म्हटलं, बरं, बरं. मला काचेची घाई होती. तो जिना उतरताना भिंतीला धरत गेला, आणि हिनं त्याला दारात काहीतरी पुडी बांधून दिली, ती मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

पुढे काय झालं ते मी अंधाऱ्या खोलीत पाहिलं. काच द्रावणात हलवता हलवता पहिला तारा उमटला, आणि मी खरंच देवाचं नाव घेतलं. टिंब! स्वच्छ गोल टिंब. मग दुसरा, तिसरा. मग त्या प्रत्येकाशेजारी आणखी एक. बाणाचे तीन तारे सहा झाले. चार कोपऱ्यांचे आठ. माझा तेजाचा ढग, ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तोही जोडीनं उभा होता. अख्खं मृग नक्षत्र जुळं झालं होतं.

आता मला कळतं काय झालं ते. मागावर आडवा धागा तुटला आणि विणकराच्या लक्षात जरा उशिरा आलं तर तोवर कापड पुढे गेलेलं असतं आणि तिथे विरळ पट्टा पडतो. म्हणून तो थांबतो, खिटी उचलतो, कापड काही दात मागे घेतो आणि तिथून पुन्हा विणतो. पूर्व भागात कुणीही हेच करील, त्याच्या बापानं आणि आज्यानं हेच केलं असेल. तारा धुरात गेला, त्याच्या लेखी धागा तुटला. धूर गेल्यावर तारा फुलीवरून सुटून कडेला आलेला त्याला दिसलाच असणार. चाक भराभर फिरवून तो त्याला पुन्हा फुलीवर आणू शकला असता आणि काचेवर फार तर पुसटशी रेघ उठली असती. पण घाई केलीस तर चिठ्ठी गेली, असं मी सांगितलं होतं. तेव्हा त्यानं तारा जिथे सापडला तिथेच धरला आणि उरलेला सगळा वेळ तिथेच धरून ठेवला.

हे मला आता कळतं. त्या वेळी मला फक्त स्नेहसंमेलन दिसत होतं.

दुसरा फोटो काढायला दिवस उरले नव्हते, ढग येत होते. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी ती काच जादूच्या कंदिलात घालून पडद्यावर दाखवली, कारण बढाई मारली होती आणि जुळे का होईना, तारे होते. नरसय्यालाही मी बोलावलं होतं. मुख्याध्यापकांची गाठ घालून देतो म्हटलं होतं. तो धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला नवं पागोटं बांधून मागच्या भिंतीशी उभा होता. बसायला जागा होती, पण एकदा बसला की उठताना लोक बघतात, म्हणून बसला नसावा.

चित्र पडद्यावर आलं. मग पुढच्या रांगेतून आमचे संस्कृतचे शिक्षक म्हणाले, "मास्तर, आम्हाला चष्मा लागलाय की तुम्ही काही घेतलंय?" सभागृह खदखदून हसलं. इतक्या लोकांपुढे तोंडघशी पडायची मला सवय नव्हती. ते हसू माझ्यावर येत होतं, ते मी उचलून दुसऱ्यावर टाकलं. मी म्हटलं, हा माझा हात नव्हे, हा आमच्या विणकराचा हात. त्याला आकाशाचं धोतर विणायचं होतं, धागा तुटला म्हणून त्यानं आभाळच मागे घेतलं! लोक वळून वळून बघू लागले. तो कुठे आहे हे मी बोटानं दाखवलं. दाखवायची काही गरज नव्हती.

मुख्याध्यापक डोळे पुसत म्हणाले, "तुम्ही वर्गासाठी सांगणार होता तो माणूस हाच काय?"

"छे," मी म्हटलं. "ज्याला एक तारा धड धरता येत नाही त्याच्या हाती पोरं काय द्यायची?"

पुन्हा हशा. नरसय्याही हसला. सगळे हसताहेत तर आपणही हसावं, असं त्याला वाटलं असेल. वर्गावरची जागा दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या ओळखीतल्या कुणाला तरी मिळाली.

त्या संध्याकाळी तो माझ्या दारात आला. मला वाटलं भांडायला आला, आणि मला बरंच वाटलं. भांडला असता तर मला त्याचा राग धरता आला असता. पण तो पायरीखालीच उभा राहून म्हणाला, "मास्तर, फोटूचं काम झालं असंल तर चाक न्यावं म्हणतो. मागाचं हाय."

मी विचारलं, कुठल्या मागाचं?

"माझ्याच की."

म्हणजे महिनाभर त्याचा माग चाकाविना चालला होता. कापड ताणून धरायला मागाच्या तुळईला दोरी बांधली होती, आणि वीतभर विणून झालं की राजव्वा उठून दोरी सोडायची, गुंडाळायची, पुन्हा बांधायची. दिवसभर. हे त्यानं मी विचारल्यावर सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात नव्हे. आत ही उभी होती. ती म्हणाली, "त्याच्या पायाकडे एकदा तरी बघितलंत का तुम्ही?" मी पायाकडे बघितलं नाही. मी म्हटलं, मृग अजून महिनाभर दिसतंय, मला आणखी दोन काचा काढायच्या आहेत, फाल्गुन संपू दे. तो व्हय म्हणाला आणि गेला.

दोन काचा मी काढल्या, स्वतःच्या हातानं. दोन्हींत अळ्या. चाक मी चैत्रात शाळेच्या शिपायाबरोबर परत पाठवलं. तोवर उन्हं लागली होती आणि त्याच्याकडे सूत घ्यायला पैसे उरले नव्हते. पुढच्या पावसाळ्यात खड्ड्यात पाणी झिरपलं, पाय आणखी सुजला, आणि दिवाळीला त्याला पावडी दाबता येईना. माग गेला, चाकासकट. आता राजव्वा विड्या वळते आणि तो दारात बसून दुसऱ्यांच्या कांड्या भरतो. ते बायकांचं आणि म्हाताऱ्यांचं काम आहे. तो माझ्याहून वयानं लहान आहे.

मी त्याला टाळत नाही, हे मी मुद्दाम सांगतो. स्टेशनकडे जायचा जवळचा रस्ता त्याच्या गल्लीतून जातो आणि मी तोच घेतो. दरवर्षी या दिवसांत तो मला हाक मारून विचारतो, मास्तर, आलं का मृग नीट? मी म्हणतो, यंदा यंत्र नीट केलंय. तो म्हणतो, मग येईल. त्याच्या बोलण्यात टोमणा असावा म्हणून मी किती वर्षं कान लावून आहे. टोमणा नसतो.

गेल्या आठवड्यात पुण्याचे एक प्राध्यापक आमच्याकडे उतरले होते. आकाशाचे फोटो काढणारे, त्या विषयातला जाणता माणूस. मी त्यांना माझं ग्रामोफोनचं यंत्र कौतुकानं दाखवलं, नव्या काचा दाखवल्या. ते सभ्यपणे मान हलवत होते. मग पेटीच्या तळाशी ती जुळी काच त्यांच्या हाती लागली. मी म्हणणार होतो की ती गंमत आहे, पण त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि खिडकीशी गेले. बराच वेळ आले नाहीत. हिनं चहा आणला, तो गार झाला.

ते म्हणाले, हा एक फोटो नव्हे, एकाच काचेवर दोन आहेत. मधे कधीतरी दुर्बीण सरकली, ठीक आहे. पण सरकण्याआधीचे तारे बघा आणि नंतरचे बघा. एकालाही शेपूट नाही. प्रत्येक जोडीतलं अंतर केसाएवढंही कमीजास्त नाही. एवढं सरकल्यावर दुसऱ्या खेपेला तर तारा फुलीवर राहिलाच नसणार, नुसत्या हाताच्या अंदाजानं धरलाय, आणि तरी सगळे तारे टिंबासारखे. "हातानं फिरवलेल्या चाकावर असं काम मी आजवर पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "कुणाचा हात हा?"

ही दारात उभी होती. तिच्या हातात ती गार चहाची कपबशी होती. सभागृहात चारशे माणसांपुढे मी बोट दाखवून ज्याचा हात सांगितला होता, त्याचं नाव मला अर्थातच आठवत होतं.

"माझा," मी म्हटलं.

ही आत गेली. प्राध्यापकांनी उठून माझा हात हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि ती काच पुण्याला नेऊन मंडळींना दाखवायची परवानगी मागितली. मी दिली. खाली तुमचं नाव लिहू ना, त्यांनी विचारलं. मी स्पेलिंग सांगितलं.

संध्याकाळच्या गाडीला मी त्यांना पोचवायला निघालो. टांगा पुढे गेला होता, आम्ही पाय मोकळे करत त्याच गल्लीतून चाललो होतो. दुसऱ्या रस्त्यानं जायचं मला सुचलं नाही, किंवा सुचलं आणि मी गेलो नाही. नरसय्या दारात बसला होता. पाय पुढे लांब केलेला, हातात कांडी फिरत होती. गल्लीत कुणीतरी हुरडा भाजत होतं. प्राध्यापक दोन पावलं पुढे गेले, आणि त्यांच्या काखेतली काचेची पेटी त्यानं ओळखली. ती पेटी त्यानं महिनाभर वरखाली केली होती.

"आपली काच दावली जणू पाव्हण्यास्नी," तो म्हणाला.

"दाखवली."

"दोन दोन दिसत्यात म्हणून हसलं असतील लई."

प्राध्यापक वळून थांबले होते. माझ्यासाठी थांबले होते. त्यांना इकडची बोली फारशी कळत नव्हती. एका शब्दाचं काम होतं, आणि ज्याला सांगायचं आणि ज्याच्याबद्दल सांगायचं ते दोघेही माझ्यापासून चार हातांवर होते.

"हो," मी म्हटलं. "हसले."

नरसय्या मान हलवून हसला. "चुकलंच तवा माझं," तो म्हणाला, आणि कांडीचं सूत सुटलं होतं ते थोडं मागे घेऊन पुन्हा भरायला लागला.